सत्तावीस सामने आणि माझा गार कोपरा

मित्रांनो, पाठीवरचं नाव आणि आकडा बघून तुम्ही मैदानावरचा खेळाडू ओळखता. ते नाव आणि तो आकडा शर्टावर चिकटवणारी मी एक जुनी हीट प्रेस आहे. खाली सपाट ओटा, वर गरम पाटा आणि ओढायला एक दांडा, एवढंच माझं शरीर. शर्ट पसरायचा, आकडा ठेवायचा, दांडा ओढायचा आणि पंधरा सेकंद थांबायचं. दीडशे अंशांवर कोणतंही नाव कोणत्याही पाठीला चिकटतं. त्याचं मला विशेष काही वाटत नाही.

माझा जन्म चीनमधला. तेरा वर्षांपूर्वी खोक्यात बसून मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या या कारखान्यात आले. पाहुणे आले की मालक त्यांना आधी माझ्यापाशी आणत. मग शेजारी मोठ्या कापडाच्या दोन नव्या मशिनी आल्या आणि पाहुणे तिकडे वळले. नव्याचे नऊ दिवस माझेही झाले होते, तेव्हा तक्रार कशाला करू? नावं आणि आकडे मात्र माझ्याकडेच राहिले.

मला चालवायचा भिवा शिगवण, खेड तालुक्यातला. सहा वर्षांपूर्वी आतली तार गेली आणि माझ्या पाट्याचा डावा कोपरा गार पडला. त्या कोपऱ्याखाली आलेला आकडा दोन धुण्यांत सुटतो. भिवाला हे पहिल्याच दिवशी कळलं. तो शर्ट चार बोटं उजवीकडे सरकवू लागला आणि कोणालाच काही बोलला नाही. तपासणीला मेकॅनिक आला तेव्हाही म्हणाला, "सब ठीक है, चल रहा है."

दुसऱ्या कोणी मला चालवलं की शर्ट बिघडत. भिवाच्या हातून एकही बिघडत नसे. या मशीनला भिवाच पाहिजे, असं मॅनेजर सगळ्यांना सांगू लागला. त्यानंतर दोनदा माणसं कमी केली, पण भिवाचं नाव यादीत आलं नाही. परक्या मुलखात माणूस असंच काहीतरी धरून राहतो. मी त्याला दोष देत नाही.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं फेरो बेटांवरचा एक फुटबॉल क्लब. ही बेटं युरोपच्या उत्तरेला, थंड समुद्रात आहेत. माणसं सगळी मिळून पंचावन्न हजार, म्हणजे आपल्याकडचा एखादा लहान तालुका. तरी त्यांची स्वतःची लीग आहे. वरच्या लीगमध्ये दहा संघ, प्रत्येकाशी तीनदा गाठ, असे सत्तावीस सामने. शेवटचे दोन संघ खालच्या लीगमध्ये जातात. ही ऑर्डर आणली होती सेल्सच्या व्हर्ननने. तो वसईचा आणि फुटबॉल म्हटलं की जेवण विसरणारा. भिवाला खेळातलं काही कळत नव्हतं. संघात तिघे योएनसेन आहेत हे पाहून तो एवढंच म्हणाला, "आमच्या वाडीत सगळे शिगवण, तसंच हे."

मार्चपूर्वी आम्ही बाहीवर वरच्या लीगचं चिन्ह चिकटवून शर्ट पाठवले. पुढचा हंगाम मला फक्त नावांवरून कळला. जूनमध्ये दोन नावं यादीतून गेली. जुलैत तीन नवी आली, त्यांत एक गोलकीपर होता. संघ चांगला चालला असता तर एवढी नावं बदलली नसती.

ऑगस्टमध्ये व्हर्नन येऊन म्हणाला, "भिवाभाऊ, टीम नाइन्थ आहे. खाली गेली तर त्यांचा स्पॉन्सर सुटतो. ऑर्डर खलास. मग हे सेक्शन पण बंद, आणि तुझं तिकीट निघणार."

त्याच आठवड्यात भिवाच्या बायकोचा, सगुणाचा फोन आला. रुपालीचं लग्न ठरलं होतं, बारा डिसेंबरला. एकुलती एक मुलगी. भिवाने रजा मागितली, तर मॅनेजरच इकडे आला आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "टीम बच गई तो दिसंबर में नया ऑर्डर है. तुम्हारे बिना ये मशीन कौन चलाएगा?"

भिवाने माझ्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. एका वाक्याचं काम होतं. पण सहा वर्षं लपवलेली गोष्ट सांगायची कशी, आणि सांगितल्यावर त्याची गरज कोणाला राहणार? तो "ठीक है सर" म्हणाला. म्हणजे संघ बुडाला तर नोकरी जाणार आणि तरला तर मुलीचं लग्न हुकणार.

शेवटचा सामना ऑक्टोबरातल्या एका शनिवारी होता. शिफ्ट सुटल्यावर व्हर्ननने फोन माझ्या ओट्यावर टेकवून ठेवला. तिकडे पाऊस होता, वारा होता. बरोबरी केली तरी संघ वाचणार होता, पण एक गोल मागे होता.

"सर, आपण देवाला काय सांगायचं?" भिवाने विचारलं.

"ड्रॉ माग रे," व्हर्नन म्हणाला. मग त्याला बारा डिसेंबर आठवलं असावं. त्याने फोन उगाच जरा सरळ केला.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला चौदा नंबरच्या योएनसेनने गोल केला. संघ वाचला. व्हर्ननने भिवाचा हात हातात घेऊन हलवला. भिवा म्हणाला, "बरं झालं." मग त्याने माझं बटण बंद केलं आणि तो डबा घेऊन बसकडे गेला.

बारा डिसेंबरला त्याने फोन आकड्यांच्या खोक्याला टेकवून ठेवला होता. तिकडे दुपारचे साडेबारा, इथे अकरा.

"दिसतंय का तुम्हाला?" सगुणाने विचारलं.

"दिसतंय."

अंतरपाट खाली गेला तेव्हा माझ्या पाट्याखाली एक शर्ट होता. तिकडे अक्षता पडल्या. भिवाने पंधरा सेकंद भरू दिले, दांडा वर केला, आकड्यावरचं प्लास्टिक सोललं आणि दुसरा शर्ट घेतला. त्या दिवशी एकशे बारा शर्ट झाले. एकही बिघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मॅनेजरकडे जाऊन म्हणाला, "मशीन का लेफ्ट कोना ठंडा है. छह साल से. मैंने बोला नहीं." मेकॅनिक आला, तार बदलली आणि चहाच्या आधी गेला. आता उझैर नावाचा नवा कामगार मला चालवतो. भिवाला फेब्रुवारीत रजा मिळाली, तेव्हा रुपाली सासरी होती. परत आल्यावर त्याला पॅकिंगला टाकलं. जाता-येता तो माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत एखादी वस्तू बिघडली आणि कोणी ती निमूटपणे सांभाळून घेत असेल, तर त्याचं कौतुक करून थांबू नका. काय बिघडलंय ते विचारा. आणि सांभाळून घेणारे तुम्हीच असाल, तर वेळेत सांगून टाका. माझ्या दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली.