चुलीपाशी ठेवायचा नग

वारुळाची माती.

तळहातावर वळून सुतासारखं ओढलेलं मेण.

सागवानी बैठक, पितळी पट्टी, टाळ्या.

सुपात भाताचं तूस.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राजदीपची बायको दिव्यानी विचारते, "तोंड काऊन पडलं? बक्षीस तर भेटलं ना?"

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. ती सलग सांगायला राजदीपची जीभ उचलत नाही, म्हणून असे तुकडे.

तर राजदीप चंद्रपूरजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यात इंजिनियर. तिथे मेणाच्या नमुन्यावर सिरॅमिकचं कवच चढवतात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत धातू ओतून व्हॉल्व्ह बनवतात. दोन वर्षं प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये हवेची भोकं पडत होती. शेवटी तो भामरागडकडच्या एका गावात सोमारीबाईकडे गेला. ती पितळेचे मोर आणि दिवे याच रीतीनं ओतते, फक्त तिचं कवच वारुळाच्या मातीचं. मातीत ती तूस मिसळते.

"तूस जळते, मंग हवेले वाट भेटते," एवढंच ती म्हणाली. वर दोन पोती तूस बांधून दिलं.

राजदीपनं ते कवचात घातलं. भोकं गेली.

निघताना तिनं एकच मागितलं होतं. तिच्या घरची रीत होती: शिकणाऱ्यानं पहिला नग आणून शिकवणाऱ्याच्या चुलीपाशी ठेवायचा.

पहिला नग सागवानी बैठकीवर चढून साहेबांच्या केबिनमध्ये गेला. बक्षिसाच्या अर्जात 'कल्पना कोणाची' असा रकाना होता. राजदीपनं स्वतःचं नाव भरलं.

मग दोन पोती संपली, आणि कवचं तडकायला लागली.

दुसऱ्या खेपेला तो पिशवीत एक व्हॉल्व्ह घेऊन गेला. गोदामातून उचललेला, कितवा कोण जाणे. "बाई, हा पहिला नग."

सोमारीबाईनं तो नखानं वाजवला, कानाशी नेला, कडेवरून बोट फिरवलं.

"लय गुळगुळीत आहे रे बाबू. पहिल्या खेपेले हात इतका धीट नसते." ती हसली. "माया पहिला मोर तर बदकावानी दिसे. हा पहिला नाई."

तिनं नग त्याच्या हातात परत दिला. चूल दोन पावलांवर होती.

"काऊन आला ते सांग."

"कवचं तडकून राह्यली."

"तूस कुठचं?"

"गिरणीतलं. बारीक चाळणीनं चाळून घेतो."

"चाळून!" तिनं कपाळावर हात मारला. "अरे, गिरणीच्या तुसात कोंडा राह्यते. चाळणीतून दोनी पडते. कोंडा पाणी पिते, फुगते, मंग सुकला का फाडते. पाखडा लागते, साहेब!"

इतका वेळ बाबू होता, आता साहेब. तिनं सूप उचललं. तूस पुढे उडून पडायला लागलं, कोंडा सुपात राहिला. कारखान्यातल्या सहा जणांना तीन महिन्यांत हे सुचलं नव्हतं.

"बाई," राजदीप म्हणाला, "पहिला साहेबांच्या टेबलावर आहे. खाली माझं नाव कोरलंय."

सूप थांबलं.

"आन् मायं?"

त्यानं हातातला व्हॉल्व्ह पिशवीत घातला. ती पुन्हा पाखडायला लागली. तूस त्याच्या बुटांवर पडत होतं, ते झटकायचाही त्याला धीर होईना.

"उभा काय राह्यला? पोतं धर."

त्यानं दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड उघडं धरलं.

पहिल्या खेपेला त्यानं याच अंगणात बसून वहीची चौदा पानं लिहिली होती. सोमारी हे नाव त्यात कुठेही नाही.