केबलला बांधलेला बिबा

कारखान्याच्या यार्डात उसाच्या मोळ्या उचलून गव्हाणीत टाकणारी क्रेन होती. ती रुळावरून पुढंमागं धावे आणि तिच्याबरोबर लोंबती विजेची जाड केबल. त्या हंगामात ती केबल तिसऱ्यांदा तुटली. गाळप थांबलं, बैलगाड्यांची रांग भूमच्या रस्त्याला लागली. साहेबांनी ठरवूनच टाकलं, ड्रायव्हर महालिंगप्पा हिसके देतो. पुन्हा तुटली तर त्यानं घरी बसावं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! घरी महालिंगप्पाची विहीर होती, पण दुष्काळानं तिच्यात पाणी ठेवलं नव्हतं.

वायरमन कोंडीरामनं तुटल्या जागी केबल सोलली. वरचं रबर बरं होतं, आत तांब्याच्या तारांचा भुगा. हिसक्यानं तार ताणून तुटते. ह्या तर वाकून वाकून मोडल्या होत्या. जोड देऊन तो शिडीवरच थांबला आणि महालिंगप्पाला क्रेन हळू चालवायला सांगितली. केबल ऐसपैस झोके घेत होती. फक्त एका जागी काळ्या दोरीनं ती लोखंडाला करकचून आवळलेली, दोरीत लिंबू अन् बिबा. तिथंच ती मोडल्यासारखी वाकत होती. यार्डात असले बिबे जागोजाग टांगलेले, म्हणून आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"हे कुणी बांधलं, आप्पा?"

"म्याच. पयल्यांदा केबल खाली लोंबली अन् वरनं गाडीचं चाक जाऊन तुटली, तवा. नजर लागली म्हणलं. मग तुटंल तसं आनखी आवळलं."

रोगापेक्षा इलाज भयंकर! कोंडीरामला हसू येण्याऐवजी कीवच आली. त्याच्या घरात छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेपासून देव्हारा नव्हता. त्यानं चाकू काढला, तसा आप्पानं हात धरला.

"लेकरा, कापल्यावर तुटली तर माजी रोटी जाईल."

"तुटली तर म्या कापली म्हणून सांगा. माजी जाईल."

दोरी खाली पडली. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा कोंडीराम म्हणाला, "एकाच जागी वाकत होती. मोकळी केली." दोरी कुणाची, ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून तो सायकलपाशी आला, तर हँडलला काळी दोरी, लिंबू, बिबा. गाठ मात्र सैल होती. सोडायला त्यानं हात घातला आणि वर पाहिलं. क्रेनवरून महालिंगप्पा त्याच्याकडंच बघत होता, जीव मुठीत धरून. कोंडीरामनं हात मागं घेतला.

हंगाम संपला तरी केबल तुटली नाही. वस्तीतली माणसं सायकलकडं बघून कोंडीरामला हसली. लिंबू वाळून खडखडीत झालं, पण त्यानं ते काढलं नाही.