भूपेश उभा राहिला
बदलापूर गावातला भूपेश चंदरकाकाच्या रेती-खडीच्या धंद्यावरून सुटला की मोबाईलवर एक गेम खेळायचा. त्यात गड होते, राक्षस होते आणि खेळणाऱ्यांच्या टोळ्या होत्या. भूपेशच्या टोळीत बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची पोरं-पोरी होती. बऱ्याच जणांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. सरदार होता उल्हासनगरचा अल्पेश. त्याचं लग्न ठरलं आणि त्याने जाहीर करून टाकलं, आता आपल्याला जमणार नाही, रविवारी मतदान घ्या आणि नवा सरदार निवडा.

दोघं उभे राहिले. एक भूपेश, दुसरी अंबरनाथची चैत्राली. भूपेश कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या आधी गडात घुसायचा आणि बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी मरायचाही. चैत्राली मागे राहून मेलेल्यांना उठवायची. बोलायची कमी.

भूपेशचा चुलतभाऊ प्रज्वल म्हणाला, प्रचाराशिवाय मत कोण देतं? त्याने सरळ फ्लेक्स छापून आणला. गॉगल घातलेला भूपेश हात जोडून उभा, खाली ‘आपला माणूस, हक्काचा माणूस. भावी सरदार भूपेशदादा’. नाक्यावर लावून फोटो काढायचा, टोळीच्या ग्रुपवर टाकायचा आणि लगेच उतरवायचा, असं ठरलं होतं. फोटो झाला. उतरवायचं राहून गेलं.

रविवारी सकाळीच शेजारच्या आळीतली सगुणाबाई दारात येऊन बसली. तिच्या घरासमोरचं गटार तुंबलं होतं. भूपेशने तिला समजावलं की निवडणूक गेममधली आहे, खरी नाही.

‘‘गटार खरा हाय ना?’’ ती म्हणाली. ‘‘मंग चल.’’

तेवढ्यात चंदरकाका आला. नगरसेवकाच्या तिकिटासाठी तो कित्येक वर्षं नेत्यांच्या मागे फिरत होता. घरातल्या माणसाला तरी आधी सांगायचं होतंस, असं तो म्हणाला. भूपेशने मोबाईल उघडून त्याला गड दाखवला, टोळी दाखवली, आपला कुऱ्हाडवाला दाखवला. काकाने सगळं नीट पाहून घेतलं.

‘‘ते ठीक आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पण पक्ष कुठला?’’

शेवटी भूपेश आणि प्रज्वल फावडी घेऊन गटारात उतरले. प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या, एक अख्खी उशी निघाली. मतदानाआधी दोन्ही उमेदवारांनी कॉलवर बोलायचं होतं, ती वेळ गटारातच झाली. भूपेशने कोपराने कसाबसा फोन उचलला आणि आपण कुठे आहोत ते सांगितलं. सगळे हसत सुटले. अल्पेश म्हणाला, उमेदवार हजर नाही, सुरू करूया.

चैत्रालीने विचारलं, ‘‘साफ झालं का?’’

‘‘अर्धं झालंय.’’

‘‘मग पूर्ण कर. आम्ही थांबतो.’’

आणि टोळी खरंच थांबली. फावड्याचा आवाज ऐकत सगळे कॉलवर बसून राहिले. पाणी वाहायला लागलं तेव्हा सगुणाबाई आत गेली आणि तिने चहा टाकला. भूपेशने भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. तो म्हणाला की मी पुढे पळतो खरा, पण मागे कोण पडलंय ते मला कधी दिसत नाही, हिला दिसतं. एवढं बोलून त्याने स्वतःचं मतही चैत्रालीला देऊन टाकलं. ती सहज निवडून आली. पैसे घालून फ्लेक्स छापलेला प्रज्वल चहा संपेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.

हरल्याचं वाईट वाटेल असं भूपेशला वाटलं होतं, पण अंगावरचं ओझं उतरल्यासारखंच झालं. ते फार टिकलं नाही. नव्या सरदाराने पहिलाच हुकूम काढला, की टोळीतल्या तक्रारी यापुढे भूपेशने ऐकायच्या. त्याच संध्याकाळी आईने जेवायला हाक मारली तेव्हा तो टोळीतल्या एका पोराला पटवत होता, की जिंकलेली ढाल ज्याला मिळाली त्याचीच, आणि रडून ती दुसऱ्याला मिळत नाही.

‘‘आलो,’’ तो आईला म्हणाला. ‘‘अजून दोघं रांगेत आहेत.’’