फळीवरचं बोट

वर्नाने सासऱ्याचा जुना मेणकापडी कोट अंगात चढवला, पोटाशी उशी कोंबली आणि त्याच उशीचा अभ्रा डोक्यावरून खाली ओढला. अभ्र्याला डोळ्यांपुरती दोन भोकं होती. समोर तिची नणंद ब्लांच नवऱ्याची विजार सावरत खिदळत होती.

"हसू नकोस. तुझं हसणं अख्ख्या खाडीला ठाऊक आहे."

"आणि तुझं काय ठाऊक आहे गं खाडीला?"

"माझं? काही नाही," वर्ना म्हणाली.

नाताळ उलटला की न्यूफाउंडलंडच्या या खाडीत निम्मी माणसं सोंगं घेऊन उरलेल्या निम्म्यांच्या स्वयंपाकघरात शिरतात. बोलायचं ते श्वास आत ओढून, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. घरच्यांनी ओळखलं की तोंड उघडं करायचं, मग केक आणि रम मिळते. नाहीच ओळखलं तर ताठ मानेने घरी जायचं आणि वर्षभर मिरवायचं. गेल्या साली वर्नाला कुणी ओळखलं नव्हतं, आणि तिने ते मिरवण्यात काही कसर ठेवली नव्हती. तिचा नवरा गारलंड यंदा पाठ धरली म्हणून घरीच पडला होता.

एलाय हाइन्सचं घर तिने मुद्दाम निवडलं. बायको गेल्यापासून एलाय आणि त्याची म्हातारी आई, ट्रायफी मावशी, अशी दोघंच तिथे राहत. दर शनिवारी वर्ना त्यांना वाटाण्याचं सूप पोचवायची. आपल्याला दारात पाहून त्यांचे चेहरे खुलतात याची तिला खात्री होती. खरं सांगायचं तर त्या चेहऱ्यांसाठीच ती शनिवारची वाट पाहायची.

स्वयंपाकघरात आधीच बरीच सोंगं जमली होती. ब्लांच आत शिरली आणि लगेच हसली, त्यामुळे तिचं सोंग तिथेच संपलं. वर्ना मात्र चुलीशेजारी भिंतीला पाठ लावून गप्प उभी राहिली. तेवढ्यात दार ढकलून एक नवं सोंग आलं. फुलाफुलांचा झगा, तोंडावर जाळीचा पडदा, कमरेला निळा ठिपक्यांचा ॲप्रन. ॲप्रनच्या खिशाला लाल ठिगळ होतं. ते वर्नाने स्वतः लावलं होतं. दोरीवरून कुणी मेल्याने उचलला, असं तिच्या मनात आलं.

हातात पातेलं असल्यासारखं सोंगाने दोन्ही हात पुढे धरले होते. ते नसलेलं पातेलं त्याने चुलीवर ठेवलं, हनुवटी गळ्याशी नेली आणि श्वास ओढत म्हटलं, "काही विशेष नाही. जरासं सूप. पहाटे उठून केलं, पण ते जाऊ दे, सांगायची गोष्ट का आहे ती."

लोक फिसकन हसले. सोंगाने चुलीवरच्या फळीवरून एक बोट हळूच फिरवलं. बोटाकडे पाहिलं. ते ॲप्रनला पुसलं आणि मोठा उसासा टाकला.

"चालायचंच. घरात बाईमाणूस नाही ना."

"वर्ना!" सगळे एकदम ओरडले. एलायचा आवाज सगळ्यांत मोठा होता. हसून हसून तो टेबलाला टेकला होता.

अभ्र्याच्या आत वर्नाचे कान तापले. ते वाक्य तिचंच होतं. ईस्टरला याच जागी ती ते म्हणाली होती, मायेने म्हणाली होती, असं तिला आत्तापर्यंत वाटत होतं. बोटाचं मात्र तिला काहीच माहीत नव्हतं.

सोंगाने पडदा वर केला. आत गारलंड होता. घामाने भिजलेला, लालबुंद, असा हसत होता की तसं घरी हसल्याला किती वर्षं झाली ते वर्नाला आठवेना. ब्लांचने एकदा मेणकापडी कोटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आता हा राहिला," एलाय वर्नाकडे वळला. "शेजारचा वॉलेस आहेस का रे तू?"

वर्नाने नकारार्थी मान हलवली. आता तोंड उघडं करण्यापेक्षा जमिनीने दुभंगून पोटात घेतलं तर बरं, असं तिला वाटत होतं. हात कुठे ठेवावे ते कळेना. कुणी पोटावरची उशी दाबली, कुणी बूट पाहिले. ट्रायफी मावशी खुर्चीतून एकटक बघत होती. तिची नजर कुठे आहे म्हणून वर्नाने पाहिलं, तर स्वतःचंच हातमोज्यातलं बोट फळीच्या कडेवरून फिरत होतं.

"वॉलेसच आहे तो," म्हातारी म्हणाली. "सोडा त्याला. उकडत असेल बिचाऱ्याला."

"आई, तो नाही म्हणतोय."

"मी सांगते ना. दार उघड, जाऊ दे."

गारलंड घरी आला तेव्हा त्याच्या वडिलांचा कोट खिळ्यावर टांगलेला होता आणि त्यातून वितळलेलं बर्फ जमिनीवर ठिबकत होतं. तो कोटाकडे बघत दारातच उभा राहिला. ॲप्रन त्याच्या काखेत होता.

"पाठ कशी आहे?" वर्नाने विचारलं.

"वर्ना, नुसती गंमत होती गं ती."

"चांगलं केलंस. उसासा टाकते मी?"

तो बूट न काढताच बसला. "टाकतेस."

"पहिल्यापासून?"

"नाही. पहिल्यांदा सूप न्यायचीस तेव्हा मुकाट्याने ठेवून यायचीस. मग लोक म्हणायला लागले, वर्ना आहे म्हणून त्या घराचं निभतंय. मीसुद्धा म्हणायचो, चारचौघांत. तुला ते आवडायचं." तो ॲप्रनची नाडी बोटाला गुंडाळत राहिला. "तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. वर्नाने सूप केलं. छोटी किटली पुरली असती, पण तिने दोन कानांचं मोठं पातेलं घेतलं, म्हणजे दोन्ही हात गुंतून राहतील.

एलायने दार उघडलं. त्याचा चेहरा खुलला, आणि लगेच त्याची नजर फळीकडे गेली. फळी ओली होती. साबणाचा वास येत होता. नुकतीच पुसली असावी, तिची पावलं ऐकून. असं किती शनिवार चाललं असेल, या विचाराने तिला मान वर करवेना.

तिने पातेलं चुलीवर ठेवलं. हात मोकळे झाले, तशी तिने ते खिशात घातले.

"काल वॉलेस आला होता," ट्रायफी मावशी म्हणाली. "बिचाऱ्याला बसवलंसुद्धा नाही आम्ही. तू तरी बस गं. इतकी येतेस, कधी टेकली नाहीस."

वर्ना बसली. एलायने तिच्यापुढे चहा ठेवला. कपाच्या आत जुन्या चहाचं तपकिरी वर्तुळ होतं, आणि तिला ते दिसलं आहे हे एलायलाही दिसलं.

तिने चहा संपवला आणि कप पुढे सरकवला.

"आणखी आहे का?"