रंगमहालात पडदा पडला ती दुपार

मी जालन्याचा रंगमहाल बोलतोय. आता पुढच्या दाराला कुलूप आहे, पण एके काळी माझ्यात पाय ठेवायला जागा नसायची.

निजामाच्या अमदानीत सरकीच्या एका व्यापाऱ्यानं मला हौसेनं बांधलं. दगडी कमानी, सागवानी रंगमंच, बायकांसाठी वर वेगळी गॅलरी. पुढं सिनेमा आला, नाटकं कमी झाली. तरी व्यापाऱ्याचा मुलगा अप्पाराव वर्षातून दोन-तीन नाटकं लावायचाच. पडदा ओढायला सांडू होता. तो विंगेमागच्या खोलीतच राहायचा.

बहात्तरच्या दुष्काळात अन्नछत्राच्या मदतीसाठी दुपारचा प्रयोग लागला. उषाबाई राणीचं काम करत होत्या. दुसऱ्या अंकात मागच्या दारावर थाप पडली. सांडूनं दार उघडलं. जयवंताबाई नावाची म्हातारी सुनेला धरून उभी होती.

"गोपिका खडी फोडायला गेल्ती. वाटंतच कळा सुरू झाल्या. जरा आडोसा द्या, बाबा."

अप्पाराव धावत आले. "मावशी, आत नाटक चालू हाय. समदं थिएटर भरलंय."

गोपिका तिथंच खाली बसली. रंगमंचावरून ते पाहून उषाबाई बोलता बोलता थांबल्या.

"सांडू, पडदा टाक."

"बाई, लोक काय म्हणतील?" अप्पाराव म्हणाले.

"लोकांना मी सांगते."

त्या पडद्यापुढं आल्या. "आत एक बाई बाळंत होऊन राह्यली. कुणी सुईण असंल तर जल्दी या."

गॅलरीतून चांगुणाबाई उतरल्या. त्यांची जात त्या दिवशी कुणी विचारली न्हाई. रंगमंचावरच्या राणीच्या महालात राणीचीच शाल अंथरली गेली.

मूल झालं, पण रडेना. पडद्याबाहेर सगळे बसूनच होते. माझ्या भिंतींनी एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. चांगुणाबाई बाळाची पाठ चोळत राहिल्या. मंग एकदाचं ते रडलं. टाळी कुणी वाजवली न्हाई. माणसं नुसती उठून उभी राहिली.

त्यानंतर चार वर्षांनी अप्पाराव गेले. त्यांच्या मुलानं माझ्यात कापसाच्या गाठी भरल्या. आता तो मला पाडून दुकानं काढणार आहे. काढू दे. गावाला दुकानंही लागतातच.

एकच मागणं आहे. सांडू अजून विंगेमागच्या खोलीतच राहतो. त्याला आता बिलकुल ऐकू येत न्हाई. बाहेरून हाका मारून भागणार न्हाई. कुणीतरी आत या, त्याचा हात धरून त्याला बाहेर न्या. मंग पहिला घाव घाला.