रुपीबाईच्या दंडावरचा चंद्र

भोजाईच्या दंडावर चंद्र उगवला, त्याला माझा हात दोनदा लागला होता. हे मी तेव्हाही कबूल केलं होतं, पण तेव्हा माझ्या कबुलीला तांड्यात काडीचा भाव नव्हता.

साल अठ्ठावन्न. आमचा तांडा दिग्रसपासून चार कोसांवर. भोजाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, नेमसिंगची बायको, रुपीबाई. मनगटापासून खांद्यापर्यंत तिच्या हातात हाडाच्या बांगड्या, आमच्या सगळ्याच बायांच्या असत तशा. दंडावरच्या बांगड्या लग्नात चढत, त्या नवऱ्याच्या सरणापाशीच उतरत. त्यामुळे त्यांच्याखालची कातडी कशी आहे हे खुद्द त्या बाईलाही ठाऊक नसे.

त्या दिवाळीत लिंबाखाली बसून मी एक गोष्ट सोडली होती. दूरच्या एका तांड्यात बाईच्या दंडावर चंद्र उगवतो, वाढतो, मावळतो, पुन्हा उगवतो. आणि असे बारा चंद्र झाले की तिची बोटं गळू लागतात. महारोगाची ही राजघराण्यातली जात, असंही मी सांगितलं. ऐकणारे गप्प झाले की मला आवरत नाही. मी तिचं आणखी एक बोट गाळलं.

पुढं कापूस वेचताना भोजाईची दंडावरची एक बांगडी तडकून पडली. त्या फटीतून बायांना डाग दिसला. गोल, जांभळा-काळा, बंद्या रुपयाएवढा. पंधरा दिवसांत तो फिका पडला, आणि एका सकाळी त्याच जागी, त्याच मापाचा, पुन्हा टवटवीत उगवला. बायांनी वेचणी थांबवली. तिच्या ओटीतला कापूसही कुणी आपल्या ढिगात घेईना.

तांड्याचा नायक हरिसिंग. त्याचा निरोप आला: गुरुवारी पंच बसतील. रोग ठरला तर रुपीबाईनं नाल्यापलीकडे खोपी बांधून राहायचं. तिची अडीच वर्षांची लेक मानी अलीकडे राहील.

मी धावत नायकाकडे गेलो. "काका, थे चंद्राची गोष्ट म्या मनानं जोडलती."

"मंग हा डाग बी मनानंच जोडला काय, गुलाब?" नायक चिलीम न काढता म्हणाला. "दुसऱ्याच्या बाईची बोटं गाळताना खरी होती गोष्ट. आता घरावर आली त खोटी काहून झाली?"

दिवाळीत पस्तीस माणसांनी माझं खोटं एका बैठकीत गिळलं, आणि आता एकाच माणसाला एकच खरं वाक्य गिळवत नव्हतं.

दिग्रसच्या एका दवाखान्यात वाहिद कंपाउंडर होता, माझ्या ओळखीचा. त्यानं माझं नीट ऐकून घेतलं, याचंच मला नवल वाटलं.

"टाचणी टोचून पाह्यली?"

"टोचली. मलेच शिव्या दिल्या."

"म्हणजे कातडी जिती आहे. महारोगाच्या चट्ट्याले टोचलं त बहुतेक कळत नाही. बरं, डाग उगवते त्या दिवशी काय खाते ती?"

"भाकर. आम्ही खातो थेच."

"अन् औषध?"

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बाजाराला आलो की मी भोजाईसाठी पोट साफ व्हायची गुलाबी गोळी नेत असे. गोड लागायची. "भोजाई, पेढा आणला," म्हणून मी पुडी द्यायचो आणि ती मला लाटणं दाखवायची. दर बाजाराला नाही. आठवण झाली तर. डागही दर बाजाराला उगवत नव्हता.

वाहिद हसला. "मियाँ, एखाद्याची कातडी एखाद्या औषधावर रुसते. अन् रुसली की दर वेळी त्याच कोपऱ्यात जाऊन बसते. गोळी बंद कर, डाग राहील, पण जळणार नाही. चिठ्ठी देऊ लिहून?"

"नको. माया हातची चिठ्ठी आहे म्हणतीन." मी सहा गोळ्या घेतल्या.

गुरुवारी सकाळी लिंबाखाली पाच पंच बसले. डाग तेव्हा विझलेला होता, पण तो नीट पाहायचा म्हणजे दंड मोकळा करायला हवा. बांगड्या काढा म्हणताच बायांनी पदर तोंडाला लावले. भोजाई म्हणाली, "मी नाल्यापलीकडे जातो, पण हे काढणार नाही."

नेमसिंग आयुष्यात चार माणसांत बोलला नव्हता. तो उठला, तिच्यासमोर बसला आणि तेल लावून एकेक बांगडी उतरवू लागला. "मी जिता हावो. माया हातानं काढून राह्यलो, माया हातानं घालीन. ज्याले मी मेलो वाटते त्यानं रडावं."

कोणी रडलं नाही. डागाची जागा तपकिरी दिसत होती.

मी गोळ्या पुढे केल्या, वाहिद बोलला ते सांगितलं आणि म्हणालो, भोजाई सगळ्यांसमोर एक खाईल, डाग उगवतो का ते बघा. नायकानं पुडी हुंगली. "यात तू काही कालवलं नसशील कशावरून? आम्ही बी खातो. पाचही जण."

"काका, थे पोटाची—"

"बोलू नको तू!"

मी खरं सांगत होतो. देवाशपथ. मधेच तोडलं त्याला मी काय करणार?

सहा जणांनी सहा गोळ्या चघळल्या. पंचांना चव आवडली. दोन तास गेले, आणि भोजाई दंड चोळू लागली. तपकिरी जागेभोवती लाल कडा उठली, मग आत जांभळं भरत गेलं. सगळ्या तांड्यानं भर उन्हात चंद्र उगवताना पाहिला. ती ओठ दाबून बसली होती. मला वाटलं, सुटली.

दुपार कलली तरी निकाल येईना. शेवटी नायक म्हणाला, "गोळी आम्ही बी खाल्ली. आमच्या दंडावर काही नाही. डाग तिच्या एकटीलेच आला. म्हणजे दोष तिच्यातच."

मी शंभर गोष्टी रचल्या होत्या, त्यातली एकही कामाची नव्हती.

नेमका तेव्हाच नायकाच्या पोटात गडगडाट झाला. पंचांतला कारभारी किसनसिंग केव्हाच टमरेल घेऊन तुरीत गेला होता. बाकीचे तिघे एकमेकांकडे बघत उठले आणि गेले. नायकही उठला. भोजाई त्याच्या वाटेत उभी राहिली. मोकळा दंड, डोक्यावर पदर.

"नायक, वांगं खाल्लं त तुमचे ओठ सुजतेत. साऱ्या तांड्याले ठाऊक हाय."

"बाजू हो बाई."

"आम्ही बी थेच वांगं खातो. आमाले काही होत नाही. मंग दोष तुमच्यात. खोपी बांधू का तुमाले नाल्यापलीकडे?"

"रुपी, बाजू हो!"

"आधी बोला, मंग जा."

नायकानं तिच्याकडे पाहिलं. मग दंडाकडे. मग तुरीकडे, फार आशेनं. "वांगं ज्याचं त्याले लागते," तो घाईत म्हणाला. "रोग नाही! घाल तुया बांगड्या!" आणि असा पळाला की पागोटं लिंबाखालीच राहिलं.

लोक पोट धरून हसत होते. मला मात्र हसू येत नव्हतं. त्या चालत्या पोटाला मी आजही नमस्कार करतो, पण नायक पळण्याआधी क्षणभर थांबला होता, ते मी पाहिलं. माणसाला स्वतःचे सुजलेले ओठ आठवले की दुसऱ्याची कातडी जरा वेगळी दिसते.

नेमसिंगनं त्याच दिवशी बांगड्या चढवल्या. तडकलेल्या बांगडीच्या जागी नवी आणली, तर भोजाईनं ती घातली नाही. बोटभर फट तशीच ठेवली. गोळी पुन्हा तोंडात घेतली नाही, डाग विझून तपकिरी राहिला.

पण लिंबाखाली माझी गोष्ट रंगात आली, माणसं गप्प झाली, की ती लांबूनच त्या फटीत बोट घालायची. "गुलाब, खाजून राह्यलं बरं का."

मग मी एक बोट कमी गाळायचो.