मंद पिळाची नळी

मिस्त्रींच्या दुकानात रायफलला नवी नळी बसवायला कोणी आलं, की त्याला आधी टेबलावर गोळी ठेवावी लागे. "काय मारणार आणि किती लांबून, ते सांगा. नळीचं मग बोलू," असं मिस्त्री म्हणत. एका बड्या साहेबाला गोळी दाखवणं कमीपणाचं वाटलं, तर त्याला त्यांनी आल्या पावली परत पाठवलं होतं.

कारण साधं होतं. नळीच्या आत कोरलेल्या आट्यांना पीळ असतो. त्या पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत, सरळ जाते. आखूड गोळीला मंद पीळ पुरतो, बारा इंचांत एक वळसा. लांब, जड गोळीला आठ इंचांत एक लागतो. नाहीतर ती हवेतच कोलमडते.

भाचीला मात्र त्यांनी काही विचारलं नाही. तिला रायफल धरायला त्यांनीच शिकवलं होतं आणि अजूनही ते तिला चिमणीच म्हणत.

"मामा, लांब पल्ल्याच्या संघाची निवड आहे. नळी बदलून द्याल?"

"ठेवून जा."

"गोळी दाखवू?"

"तुझ्याकडून कसली गोळी बघायची! घरचीच तू."

ती हसून गेली. मिस्त्रींनी मंद पिळाची नळी काढली. चिमणीचा हात शंभर मीटरवरचा. लांबचं खूळ दोन महिन्यांत उतरेल आणि मग हीच कामी येईल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. दुकानातल्या आखूड गोळ्यांनी त्यांनी ती तपासली, तेव्हा छिद्रं एकमेकांना चिकटून बसली. निशाणाचा तो कागद त्यांनी घरी नेऊन बायकोलाही दाखवला.

निवडीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. शेजारी बसलेल्या प्रत्येकाला "नळी आपल्या हातची" असं सांगून झालं. गोळ्या संघाकडून मिळाल्या होत्या, लांब आणि जड. त्या बघूनही मिस्त्री गप्प राहिले. निभावून जाईल, असं वाटलं त्यांना.

निभावलं नाही. दुर्बिणीला डोळा लावून बसलेला कोच प्रत्येक बार झाला की मान हलवत होता. एक गोळी वर, एक खाली, दोन तर कागदाबाहेरच.

"मामानं नळी दिली, नेम द्यायचा राहिला वाटतं!" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

मिस्त्रींचे कान तापले.

गोळीबार थांबल्यावर कागद आणणाऱ्या माणसाबरोबर तेही चालत गेले. छिद्रं गोल नव्हती. गोळी टोकाने शिरलीच नव्हती, ती आडवी होऊन आदळली होती. कागदाला लांबट चिरा पडल्या होत्या. मिस्त्रींनी कागद काढून घेतला आणि त्याची घडी घातली. परत येईपर्यंत ती घडी त्यांनी हातात घट्ट धरली होती.

भाची रायफल पिशवीत भरत होती. "माझाच हात गेला, मामा. कोच म्हणतात, मी घोडा झटक्याने ओढते. लांबचं आपलं काम नाही. सोडते मी हे."

हेच तर त्यांना हवं होतं. आता ते शब्द तिच्या तोंडून ऐकून त्यांना तिच्याकडे बघवेना.

त्यांनी घडी उलगडून कोचसमोर धरली. "हिचा हात चांगला आहे. पीळ चुकीचा आहे. नळी मी बसवली."

कोचने कागद उन्हात धरला. "मिस्त्री, तुम्ही? तुमच्याकडे तर गोळी दाखवल्याशिवाय कोणाला उभं करत नाहीत म्हणे."

"हिला दाखवू दिली नाही."

मागचे लोक आता हसत नव्हते. हसले असते तर बरं झालं असतं.

"घाईत झालं असेल हो," भाचीच पुढे होऊन म्हणाली. "मामांच्या मागे कामं किती असतात."

तिने धरलेली ती सावली होती. मिस्त्रींना त्या सावलीत उभं राहता आलं असतं.

"घाईत नाही," ते म्हणाले. "तू परत शंभरावर येशील, असं मी धरून चाललो होतो."

तिने पिशवीचा बंद ओढून घट्ट केला. कोचने संघाची जादा रायफल तिच्या हातात दिली आणि तिला शेवटच्या तुकडीत उभं केलं. अनोळखी रायफल, अनोळखी दस्ता. तरी तिने बरे बार मारले. संघात ती आली, पण राखीव म्हणून. घरी जाताना दोघं एकाच बसमध्ये, वेगवेगळ्या बाकांवर बसली.

आठवडाभर ती दुकानाकडे फिरकली नाही. मग एक दिवस गिऱ्हाईक बसतं त्या खुर्चीत येऊन बसली. मिस्त्रींनी हातातली कानस खाली ठेवली.

"काय मारणार? किती लांबून?"

भाचीने पिशवीतून एक लांब गोळी काढून टेबलावर उभी केली, आणि बोट न काढता म्हणाली, "सहाशे मीटर. लिहून घ्या, मामा."

मिस्त्रींनी लिहून घेतलं.